गिंपमध्ये संपादित केलेले फोटो छापल्यावर काळपट का दिसतात?

प्रश्न: मी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) डार्कटेबलमध्ये उघडून नंतर गिंपमध्ये किरकोळ दुरुस्त्या करतो, पडद्यावर सावलीतल्या केसांची बटही स्पष्ट दिसते, पण छापील प्रतीत तिथे नुसता काळा डाग उमटतो. मोफत सॉफ्टवेअरची ही मर्यादा समजावी का?

उत्तर १: दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसून पडद्याच्या उजेडाचा आहे. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद मात्र खोलीतला प्रकाश परावर्तित करतो. म्हणून आधी पडद्याची प्रखरता बरीच कमी करून पाहावी. कॅलिब्रेशनचे, म्हणजे पडद्याचे रंग आणि उजेड मोजून नीट जुळवण्याचे, उपकरण मिळाल्यास त्यासोबत वापरायचे डिस्प्लेकॅल हेही मुक्त सॉफ्टवेअरच आहे.

उत्तर २: त्याखेरीज, ज्या कागदावर छापायचे त्याचे आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) मागवून घ्यावे आणि गिंपमध्ये सॉफ्ट प्रूफिंग (छापील प्रत कशी दिसेल याची पडद्यावरची झलक) सुरू करून सावल्या तपासाव्यात. रंग व्यवस्थापन, म्हणजे प्रोफाइलनुसार रंगांचे रूपांतर, गिंप आणि प्रिंटरचा ड्रायव्हर या दोघांनीही केले, तर रंगांचा पुरता विचका होतो (हा उद्योग मी स्वतः केलेला आहे).

प्रश्नकर्ता: प्रखरता निम्म्यावर आणताच पडद्यावरही ती बट दिसेनाशी झाली! आता कर्व्ह्जने (गिंपमधल्या उजेड-सावली बदलण्याच्या साधनाने) सावल्या उजळून पुन्हा छापतो.