मदत हवी आहे : भरतकामातली फुलं कोमेजलेली कशी दाखवू?

नमस्कार मंडळी. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा गेल्यानंतरचा काळ मला एका लांब जॅकेटवर भरायचा आहे. खांद्यावर टवटवीत मोगरा, खाली येता येता पाकळ्या सुटतात, कडा तपकिरी होतात, आणि घेराशी नुसते देठ नि लोंबते दोरे. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या २००७ च्या उन्हाळी संग्रहात खऱ्या फुलांचा पोशाख होता, मॉडेल चालताना फुलं गळत होती. ते गळणं मला दोऱ्यात हवंय.

कापड मलमल आहे. भरीव टाका घातला की, दोऱ्याच्या सहापैकी दोनच पदर घेतले तरी, रिंग काढल्यावर चुण्या पडतात. मागे ऑर्गंझा (पातळ पण ताठ कापड) लावू का? सुट्या पाकळ्या वेगळ्या भरून, कडेला बारीक तार घालून जोडल्या तर धुण्यात टिकतील?

आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे, नमुना बघून सगळे "किती गोड फुलं!" म्हणतात. दुःख पोचतच नाही. काळा रंग मला नकोच, तो फार सोपा वाटतो. मग टाके विरळ करत नेऊ, की अर्धवट सोडू? हाताने भरतकाम करणाऱ्या ताई-दादांनी कृपया सांगा. तुमच्या कामाचे फोटो टाकलेत तर फारच मदत होईल.