मदत हवी आहे: ऑर्थो वॉर्डातल्या रुग्णासाठी पीटीएसडीची (आघातानंतरच्या ताण विकाराची) मराठी चाचणी (तातडीचे)

शाल्मली_क
एका ट्रॉमा सेंटरमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नुकतीच लागले आहे. इथे ही जागाच नवी आहे, विचारायला वरिष्ठ कुणी नाही. ऑर्थोकडून कॉल आलाय: 'रुग्ण सहकार्य करत नाही, समुपदेशन करावे.' बाइकचा अपघात, पाय काढावा लागला. झोपत नाही, ओरडतो, ड्रेसिंगला हात लावू देत नाही, सिस्टरना ढकललं. समोरून दिवे येताना दिसतात म्हणतो, म्हणजे फ्लॅशबॅक. उद्या राऊंडला सरांना रिपोर्ट हवाय. पीटीएसडीची प्रश्नावली, पीसीएल-५, मराठीत कुणाकडे आहे का? नसेल तर दुसरं काय लावू? कृपया या क्षेत्रातल्यांनीच लिहा.

कातळफूल
अपघाताला किती दिवस झाले? पीसीएल-५ मधले वीसच्या वीस प्रश्न गेल्या महिन्याबद्दल विचारतात. महिना उलटायच्या आत पीटीएसडीचं निदान करताच येत नाही. तीन दिवस ते एक महिना या काळात फार तर तीव्र ताण विकार म्हणता येईल. डोक्याला मार आहे का?

शाल्मली_क
सीटी नॉर्मल. निकष मला माहीत आहेत हो, पण सरांना काहीतरी आकडा हवाय.

नदीकाठ
चाचणीत वेळ घालवू नका. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली वापरून आघातावर करायचा उपचार, सुरू करा. मी प्रशिक्षण घेतलंय, अपघाताच्या केसेसमध्ये फार सुंदर परिणाम पाहिलेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये त्याची शिफारस केली आहे.

कातळफूल
ती शिफारस पीटीएसडीसाठी आहे. ताजी जखम घेऊन वॉर्डात पडलेल्या, झोप नसलेल्या माणसावर ती लावू नका. तो धड बसू शकतो का, हेही आपल्याला अजून माहीत नाही.

सुलभा मावशी
शाल्मली, मी मानसशास्त्रातली नाही, पण १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावोगावी काम केलंय. त्याला सगळा प्रसंग पहिल्यापासून सांगायला लाव. रडू दे. आत कोंडलं की सडतं.

कातळफूल
मावशी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण इथे तसं करू नये. प्रसंग लगेच खोदून सांगायला लावण्याचा भरपूर अभ्यास झालाय. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात त्याचा फायदा दिसला नाही. रस्ता अपघातातल्या जखमींचा तीन वर्षं पाठपुरावा करणारा एक ब्रिटिश अभ्यास २००० साली आला. त्यात सुरुवातीला जे जास्त हादरलेले होते आणि ज्यांना असं बोलतं केलं, ते न बोललेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत राहिले.

सुलभा मावशी
आम्ही कागदावरचे अभ्यास करत नव्हतो. रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं पहाटे ढिगाऱ्याखाली गेली. जी वाचली त्यांना बोलायचंच होतं. तासन्‌तास ऐकलं आम्ही. त्याने कुणाचं वाईट झालं असं मी ऐकून घेणार नाही.

कातळफूल
ते बोलत होते आणि तुम्ही ऐकत होता, हेच तर योग्य. मानसिक प्रथमोपचारातही तेच शिकवतात: जवळ बसा, पाणी द्या, नातेवाईक शोधून द्या, बोलला तर ऐका. माझा आक्षेप 'लाव' या सूचनेला आहे.

घाटावरचा
पोलिसांत एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद झाली का? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला सांगा. वाहन पळून गेलं असेल तर २०२२ च्या योजनेत गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. डिस्चार्ज कार्ड, बिलं, अपंगत्वाचा दाखला सगळं जपून ठेवायला सांगा. माझ्या मेहुण्याच्या वेळी एका कागदासाठी वर्ष गेलं.

शाल्मली_क
धन्यवाद, पण मी चाचणी विचारली होती.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे, ऑर्थो आणि आयसीयू दोन्ही केलंय. क्षेत्रातली धरा किंवा धरू नका, पण एवढं सांगा. ओरडणं रात्रीच वाढतं का? दिवसा तुम्हाला ओळखतो का? हात थरथरतात का, घाम येतो का? आणि दारू घेतो का, शेवटची कधी घेतली?

पालक_२०२७
क्षमस्व, मध्येच विचारतो. मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचंय. बी.ए. सायकॉलॉजी झालं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं का?

कातळफूल
नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.

शाल्मली_क
@रात्रपाळी, हो, रात्रीच जास्त. सकाळी नीट बोलला, दुपारी मला त्याची बहीण समजला. घाम येतो, पण वॉर्डात उकाडाच आहे. हात थरथरतात, मला वाटलं भीतीने. काल अंगावर मुंग्या चढतायत म्हणून चादर झटकत होता. दारूचं बायकोला विचारलं, 'घेतो थोडी' म्हणाली. अपघाताला आज चौथा दिवस.

रात्रपाळी
ताई, लॅपटॉप मिटा आणि ड्यूटी डॉक्टरांना बोलवा. 'थोडी' म्हणजे किती ते बायकोला बाजूला घेऊन विचारा. सासरची माणसं समोर असताना ती खरं सांगणार नाही.

ओपीडी_सायंकाळ
मी मानसोपचार शाखेत निवासी डॉक्टर आहे. सिस्टर म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. हा डेलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक भान हरपणं, आहे असं धरूनच चाला. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अपघाताने अचानक बंद झाली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हेच चित्र दिसतं, आणि उपचार न मिळाल्यास जीव जातो. पण दारूवरच थांबू नका. लांब हाड मोडलं असेल तर फॅट एम्बोलिझम (चरबीचे कण रक्तवाहिन्यांत अडकणं), जंतुसंसर्ग, सोडियम, ऑक्सिजन, वेदनाशामकांचा परिणाम, सगळं बघावं लागेल. सीटी पहिल्या दिवशीचा असेल तर तोही पुन्हा लागू शकतो. ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), याची आठवण करून द्या. हे सगळं आज रात्रीच.

नदीकाठ
पण आघातानंतर पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असं त्याच २०१३ च्या मार्गदर्शनात आहे. मग दारू सुटल्यावर देतात ते त्याच गटातलं लोराझेपाम कसं चालेल?

ओपीडी_सायंकाळ
ते ताणाच्या लक्षणांसाठी आहे. दारू सुटल्यामुळे आलेल्या डेलिरियमवर तोच मुख्य उपचार. मात्रा बघणारे डॉक्टर ठरवतील, ती चर्चा इथे नको. आणि शाल्मली, रुग्णाची याहून जास्त माहिती जाहीर धाग्यावर टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा त्याचा हक्क आहे.

शाल्मली_क
मेडिसिनच्या डॉक्टरांनी पाहिलं. औषधं सुरू झाली, एचडीयूत (जास्त देखरेखीच्या कक्षात) हलवलंय. बायकोने एकटीला विचारल्यावर सांगितलं, रोजची आहे, कित्येक वर्षांची. आता रिपोर्टमध्ये काय लिहू? माझं काम संपलं असं वाटत नाही.

कातळफूल
जे पाहिलंत ते लिहा: लक्ष टिकत नाही, भान कमीजास्त होतं, म्हणून आज कुठलीही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. आकड्यापेक्षा हे सरांच्या जास्त उपयोगाचं आहे. 'सहकार्य करत नाही' हा शेरा केसपेपरवरून जाणं हेही तुमचंच काम, नाहीतर पुढची पाळी त्याला भांडखोर समजूनच हात लावेल. भान आल्यावर दारूबद्दल बोला, उपदेश न करता. पीसीएल-५ महिन्यानंतर फॉलोअपला येईल तेव्हा.

शाल्मली_क
अजून एक. बायको म्हणते पाय गेल्याचं त्याला सांगू नका. ऑपरेशन तातडीचं होतं, त्याच्या नीट लक्षात नाही. तुमच्याकडे कोण सांगतं?

ओपीडी_सायंकाळ
सर्जननेच सांगायचं, का काढावा लागला त्यासकट. तुम्ही शेजारी बसा, बायकोही असू दे. भान पूर्ण येईपर्यंत थांबा, पण त्याने स्वतः विचारलं तर खोटं बोलू नका. नसलेला पाय दुखू शकतो, खाजू शकतो, हेही आधीच सांगा. नाहीतर डोकं फिरलं समजून तो ते लपवतो.

रात्रपाळी
आणि बायकोला घड्याळ, त्याचा चष्मा असेल तर तो, आणि घरचं पांघरूण आणायला सांगा. ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास वेदनाशामक लिहून घ्या. अर्धं ढकलणं तिथेच थांबतं.