यांत्रिक झडप, वॉरफरिन आणि बुरशीचे विकर

कृष्णाकाठ (प्रश्न):
माझ्या आईला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्यातून तिच्या हृदयाची मायट्रल झडप आकसत गेली आणि सहा वर्षांपूर्वी ती काढून तिथे चित्रा बनावटीची यांत्रिक झडप बसवावी लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनची गोळी ब्लेडने अर्धी करून तिला देणे आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या दर महिन्याच्या आयएनआर तपासणीचा आकडा वहीत उतरवणे हे काम माझ्याकडे आहे. मेथी-पालक जास्त झाला की आकडा उतरतो, अँटिबायोटिक घेतले की चढतो, आणि याला ती आता कंटाळली आहे. गेल्या आठवड्यात एका नातेवाइकांनी परदेशातून कॅप्सूलची बाटली आणून दिली. त्यातले बुरशीचे विकर (एन्झाइम) रक्ताच्या गुठळ्या विरघळवते, तेव्हा वॉरफरिन बंद केले तरी चालेल, असे ते सांगतात. यामागे खरोखर काही संशोधन आहे का?

सूक्ष्मदर्शी:
संशोधन आहे आणि ते जुने आहे. जपानमध्ये सोया सॉस आणि साके ज्या बुरशीच्या साहाय्याने तयार होतात, त्या अ‍ॅस्परजिलस ओरायझीपासून मिळवलेले ब्रिनेज नावाचे विकर पूर्वी रुग्णांना शिरेतून देऊन पाहिले गेले. गुठळी बांधून ठेवणाऱ्या फायब्रिनच्या धाग्यांचे ते तुकडे करते हे खरे. परंतु ज्यापासून हे धागे बनतात त्या, रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या फायब्रिनोजेनलाही ते सोडत नाही, शिवाय रक्तातलीच काही प्रथिने त्याला पकडून निकामी करतात, त्यामुळे ते नेहमीच्या उपचारांत रुळले नाही.

बाटलीवरचे नाव मात्र नीट वाचा. ते नॅटोकायनेज असेल, तर ते बुरशीचे नव्हे, जिवाणूचे विकर आहे. यांत्रिक झडप बसवलेल्या एका रुग्णाने वॉरफरिनऐवजी तेच घेतले, झडपेवर गुठळी धरली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, अशी नोंद २०१५ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे.

लालपेशी:
मी हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवतो, म्हणून झडपेच्या बाजूने लिहितो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने आधीचे आराखडे फसल्यावर ही झडप सिद्ध केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. धातूच्या चौकटीत पॉलिथिलीनची एक चकती कलते आणि मिटते, दिवसाला सुमारे एक लाख वेळा. रक्ताच्या दृष्टीने हे सारे परके असल्याने तिथे गुठळी धरू पाहते, आणि गुठळी लहान असली तरी चकती अडकू शकते. अडकलीच, तर रुग्णालयात स्ट्रेप्टोकायनेजसारखे औषध शिरेतून देतात; पण विरघळताना सुटलेला तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून गुठळी होऊच न देणे महत्त्वाचे, आणि ते काम वॉरफरिन करते. डॅबिगॅट्रान हे नवे औषधही यांत्रिक झडपांसाठी तपासले गेले होते. पक्षाघात आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. मायट्रल जागेच्या यांत्रिक झडपेसाठी आयएनआर साधारणपणे २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. आईंना अचानक धाप लागली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

सूक्ष्मदर्शी:
एक भर घालतो, कारण बुरशीचा संबंध खरा आहे, फक्त तो वॉरफरिनशी आहे. अमेरिकेत आणि कॅनडात १९२० च्या दशकात स्वीट क्लोव्हर या चाऱ्याचे दमट, बुरशी आलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या बुरशा गवतातल्या कूमारिन या द्रव्याचे रक्त गोठू न देणारे डायकूमारॉल बनवतात, हे विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत उलगडले, आणि त्याच कुळातले वॉरफरिन पुढे तिथेच तयार झाले.

कृष्णाकाठ:
बाटली पाहिली. नॅटोकायनेजच आहे. आईला तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. तिने बाटली कपाटात ठेवायला सांगितली आणि आजची अर्धी गोळी घेतली. सोमवारी तपासणीला जाताना बाटली डॉक्टरांना दाखवणार आहे.