मदत हवी आहे : कॅनडातल्या कॅलगरीत भेंडी-वाल लावायचे आहेत, फ्रॉस्टचा (दव गोठवणाऱ्या थंडीचा) हिशेब कसा मांडू?

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. माझं भाजीचं गणित सगळं पावसावर. मृगाला काकडी, दोडकी, सात शिरांची भेंडी पेरली की चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वरच्या लाकडी चौकटीला, घरचंच टांगायला मिळतं. पाऊस सरला की तांबडी भाजी, मुळा, वाल. थंडीचा विचार कधी करावाच लागला नाही. जानेवारीत पारा 20 वर आला तरी शेजारीण कानाला स्कार्फ बांधते.

आता एप्रिलच्या मध्याला लेकाकडे कॅलगरीला जातेय, ऑक्टोबरपर्यंत. गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला छान ऊन पडलं म्हणून त्याने टोमॅटोची 12 रोपं बाहेर लावली. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर फ्रॉस्टने पानं उकडलेल्या पालकासारखी, काळपट आणि लिबलिबीत.

तो म्हणतो, शेवटचा फ्रॉस्ट मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिला सप्टेंबरच्या मध्याला. म्हणजे चार महिनेही धड नाहीत! पेरणी कुठून मोजू? घरात रोपं कशाची करू? आणि वाल लावू का?

उत्तर : काकू, शेवटच्या फ्रॉस्टची ती तारीख सरासरी असते. मृग लागला म्हणून पाऊस येतोच का? तसंच. मटार, पालक, मुळा हलका फ्रॉस्ट सोसतात, ते मेच्या सुरुवातीला थेट वाफ्यात पेरा. टोमॅटोचं बी त्या तारखेच्या 6 ते 8 आठवडे आधी घरात, म्हणजे तुम्ही पोचण्याआधीच, तेव्हा लेकाला कामाला लावा. रोपं बाहेर लावण्याआधी आठवडा-दहा दिवस रोज थोडा वेळ अंगणात ठेवून सवय करा.

भेंडी जूनमध्ये, काळ्या कुंडीत, दक्षिणेच्या भिंतीला लागून. सात शिरांची नको, 50-55 दिवसांत धरणारी घ्या. तांबडी भाजी महिन्याभरात कापायला येते, ती बिनधास्त पेरा.

वाल मात्र सोडा. आपला गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, आणि इथे कॅलगरीत जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा. माझा वेल गॅरेजच्या छपरावर गेला, शेंग एक नाही.

मूळ प्रश्नकर्ती : अरेरे, वाल गेला म्हणायचा. लेकाला आत्ताच फोन लावते. सप्टेंबरात भेंडीवर रात्री जुनी चादर टाकली तर?

उत्तर : चालेल, जमिनीपर्यंत लोंबू द्या आणि सकाळी काढा. प्लास्टिक असेल तर पानांना टेकू देऊ नका.