ग्रेफं यांचं काम: थोडी भर

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1851 साली ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण, जगापुढे आणलं आणि नेत्रवैद्यक बदललं, हा मुद्दा इथल्या चर्चेत आधीच आला आहे. पण ते उपकरण रोज रुग्णाच्या डोळ्याला लावून त्यातून नवं शास्त्र उभं केलं ते बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफं यांनी. त्यांचं नाव राहून जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

काचबिंदूत डोळ्याच्या तळाशी दिसणारं दृष्टीच्या नसेचं टोक त्यांना आधी फुगीर वाटलं होतं. एकाच डोळ्याने पाहताना खोलगट भागही उंच भासू शकतो. ते टोक वाटीसारखं आत दबलेलं असतं हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःचंच म्हणणं दुरुस्त केलं. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आदर वाटतो तो इथे.

मग 1857 मध्ये त्यांनी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया काचबिंदूवर उपाय म्हणून मांडली. अचानक उठणाऱ्या काचबिंदूत तोवर माणूस आंधळा होताना नुसतं बघत बसावं लागे. माझ्या आजीला असाच झटका आला होता. लाल डोळा, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. तिच्या पडद्याला लेझरने बारीक भोक पाडलं, नजर वाचली. त्या उपचाराचं मूळ ग्रेफं यांच्या शस्त्रक्रियेत आहे.

मोतीबिंदूसाठी त्यांनी वापरात आणलेली अरुंद पात्याची सुरी पुढे कित्येक दशकं चालली. 1870 मध्ये क्षयाने ते गेले, अवघ्या 42व्या वर्षी.