ऐतिहासिक वास्तूच्या फोटोतून माणसं पुसावीत का?

उंबरठा

माझं मत आधीच सांगतो: पुसू नयेत. विरोधी मतं जरूर मांडा, पण आधी काय घडलं ते वाचा.

गेली बारा वर्षं फिरतीवर फोटो काढणं हाच माझा व्यवसाय आहे. डिसेंबरात कामासाठी हंपीला होतो. विजय विठ्ठल मंदिरात मंडपाची फ्रेम जुळवत असताना मंगळवेढ्याकडचं एक म्हातारं जोडपं आलं. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला नेला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. देव जिथे जाऊन राहिला ती जागा बघायची म्हणून ही दोघं एवढ्या लांब आली होती. आत मूर्ती नाही, असं रखवालदाराने सांगितलं. आजी क्षणभर थांबल्या. मग चपला काढल्या, पदराची गाठ सोडली, त्यातली तुळशीची दोन पानं मंडपाच्या पायरीवर ठेवली आणि पायरीला कपाळ टेकलं. तेव्हाच मी फोटो घेतला.

ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांचा निरोप आला, "मंडप सुरेख आलाय, फक्त माणसं काढून द्या." काढून दिली. हल्ली ते काही सेकंदांचं काम आहे. आजी गेल्या, पण सावली पायरीवर तशीच राहिली, ती वेगळी पुसावी लागली. आणि आजींच्या खांद्यामागे जो खांब होता तिथे सॉफ्टवेअरने मनानेच नक्षी भरली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे मिळाले, पण त्या जागेची जी गोष्ट होती तीच मी फोटोतून काढून टाकली, असं अजूनही वाटतंय.

दगडफूल

भावना पोचली, मत पटलं नाही.

मी मंदिरांचं दस्तऐवजीकरण करतो. दगड नीट दिसणं ही माझ्या कामाची पहिली अट. हंपीचंच घ्या. अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर हंपीचे फोटो काढले. विठ्ठल मंदिरातल्या ज्या दगडी रथाचे आज एवढे फोटो निघतात त्याच्यावर त्या काळी विटांचं शिखर होतं, हे त्या फोटोत स्वच्छ दिसतं. पुढे ते शिखर गेलं. ऑस्ट्रेलियाचे छायाचित्रकार जॉन गोलिंग्ज यांनी १९८३ मध्ये ग्रीनलॉच्याच जागांवर उभं राहून पुन्हा फोटो काढले, म्हणून सव्वाशे वर्षांत काय ढासळलं, काय नव्याने उभारलं, याची ताडून तुलना करता येते. शिखरासमोर गर्दी उभी असती तर आपल्या हाती काय लागलं असतं?

माणसं आज येतील, उद्या जातील. झिजणारा दगड परत मिळणार नाही. रिकामी फ्रेम ही माझ्यासाठी दगडाबद्दलची आस्था आहे.

रानवाट

दगडफूल यांना +१. पन्नासच्या नोटेवरसुद्धा रथ एकटाच आहे.

उंबरठा

दगडफूल, ग्रीनलॉचं उदाहरण माझ्याही बाजूचं आहे. त्याने काही पुसलं नाही. जे भिंगासमोर होतं ते आलं, म्हणून तर आज आपण त्या शिखरावर विश्वास ठेवतो.

आणि जुन्या फोटोतली रिकामी जागा खरोखर रिकामी असतेच असं नाही. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या बुलेवार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता, पण भिंग काही मिनिटं उघडं ठेवावं लागायचं, त्या लांब एक्स्पोजरमध्ये चालती माणसं, घोडागाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घ्यायला एक जण थांबला होता, तेवढाच राहिला. पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, आजही त्या फोटोत डोळा आधी त्या माणसाला शोधतो.

दगडफूल

तंत्राचा मुद्दा आलाच आहे तर स्पष्ट करतो. मी जनरेटिव्ह फिल, म्हणजे सॉफ्टवेअरने मनाने जागा भरणं, कधीही वापरत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते, म्हणून प्रकाश कमी करणारा फिल्टर लावून लांब एक्स्पोजर दर वेळी जमत नाही. मग एखाद्या कट्ट्याला कॅमेरा टेकवून पंधरा-वीस मिनिटांत वीसेक फ्रेम घेतो आणि त्यांचा मीडियन स्टॅक करतो, म्हणजे सगळ्या एकावर एक ठेवून प्रत्येक ठिपक्याची मधली किंमत घेतो. माणूस हलतो, दगड हलत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी दगडच शिल्लक राहतो. त्यातला एकही ठिपका मनचा नसतो. याला आणि तुमच्या त्या खांबाला एकाच मापाने मोजू नका.

उंबरठा

हे मान्य. स्टॅकला माझा विरोध नाही. मात्र तो फोटो कसा केला ते खाली लिहायला हवं.

साखरझोप

इतका वेळ दगड आणि भिंगावर बोलणं चाललंय. त्या आजींना कुणी विचारलं का?

चार वर्षांपूर्वी माझी आई वारीला गेली होती. चंद्रभागेत स्नान करून वर येताना, ओल्या लुगड्यात, हात जोडलेला तिचा फोटो कुणीतरी काढला. तो एका प्रदर्शनात भिंतीवर लागला. आम्हाला शेजारच्यांकडून कळलं. फोटो उत्तम होता, बक्षीसही मिळालं असेल. आई पुढच्या वर्षी वारीला गेली, पण स्नानाला पहाटे तीनला, अंधारात उतरली. हे तिने मला आपणहून सांगितलं नाही, सोबतच्या बायकांनी सांगितलं.

"स्मरणीय क्षण" म्हणजे नेहमी दुसऱ्याचाच क्षण असतो, आणि नाव आपलं होतं. उंबरठा, तुम्ही आजींना फोटोतून पुसून टाकलं याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मला वाटतं, त्यांच्या आणि देवाच्या मध्ये कॅमेरा नेला तिथेच आधी थांबायला हवं होतं. पुसल्यामुळे निदान त्यांचं कपाळ टेकणं अनोळखी लोकांच्या नजरेतून सुटलं.

रानवाट

हा विचारच मनात आला नव्हता. मीही रायगडावर ६ जूनला लोकांचे असेच जवळून फोटो काढलेत.

उंबरठा

साखरझोप, तुमच्या आईंचं वाचून गलबलून आलं. मी आधी विचारलं नव्हतं. नंतर जवळ जाऊन स्क्रीनवर फोटो दाखवला आणि "आजी, ठेवू का?" असं विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आमचा कशाला घेतोस बाळा, देवाचा घे."

आजोबांनी मात्र घरचा पत्ता लिहून दिला. प्रत पाठव म्हणाले.

साखरझोप

मग आजींनी नको असंच सांगितलं होतं.

उंबरठा

मी तेव्हा तो नकार मानला नाही. अजूनही तो पूर्ण नकार होता असं वाटत नाही, पण तुम्ही म्हणता तशी शक्यता आहे. आजी असलेला फोटो मी कुठेही छापलेला नाही, इथेही टाकणार नाही. आजोबांच्या पत्त्यावर आठ बाय बाराची प्रिंट पाठवतोय. छापू का, हे सोबतच्या चिठ्ठीत नीट विचारलंय. नको म्हणाले तर नाही. पण पुसलेला फोटो मंदिराचा म्हणून फिरतोय, ते मला त्याहून जास्त खुपतंय.

दगडफूल

का? मंडप तर तोच आहे ना?

उंबरठा

नाही. काल मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, काही न बदललेली) उघडून शंभर टक्क्यांवर पाहिली. आजींच्या डाव्या खांद्याच्या वर, पदराच्या कडेलगत, खांबावरच्या याळीचा, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचा, जबडा तुटलेला दिसतो. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर लुटलं गेलं, मोडलं गेलं. हा घाव तेव्हाचा की नंतरचा, ते तुमच्यासारख्या जाणकाराने सांगावं. पुसलेल्या फोटोत तिथे अख्खा, धारदार दातांचा याळी आहे. मोडतोडीची खूणच नाही.

दगडफूल

हे गंभीर आहे. उद्या कुणी अभ्यासक त्या फोटोवरून खांब शाबूत असल्याचं लिहील. रिकाम्या फ्रेमबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण तो फोटो मागे घ्या आणि ज्यांना दिलाय त्यांना लेखी कळवा. तो पायरीच्या कुठल्या बाजूचा खांब? माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा पूर्ण मंडपाचा स्टॅक आहे, त्यात जबडा शोधून बघतो.

उंबरठा

पायऱ्यांकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडचा दुसरा. मेल आत्ताच लिहायला घेतो.