आमच्या गल्लीत भंगार वेचायला येणाऱ्या मावशींसाठी नेमकं काय करू?

विश्रामबागकर:

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. गेली चार वर्षं आमच्या गल्लीत एक मावशी भंगार वेचायला येतात. सकाळी सहाच्या आतच, घंटागाडी यायच्या आधी. खांद्यावर पोतं, हातात सळईचा आकडा, सुट्टीच्या दिवशी बरोबर दहा वर्षांची नात. येता-जाता बोलून ओळख झाली.

मागच्या आठवड्यात दोन साड्या आणि नातीसाठी फ्रॉक काढून ठेवला होता. त्यांनी घेतला, पण जाताना म्हणाल्या, "ताई, कापडं लई जण देत्यात. तुमी पुठ्ठा तेवढा भिजवू नका." मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, पार्सलचे खोके मी ओल्या कचऱ्याच्या बादलीवरच टाकते आणि वरून भाजी धुतलेलं पाणी.

दुसरी गोष्ट. परवा शेजारच्या अपार्टमेंटच्या वॉचमननं त्यांचं पोतं रस्त्यावर उलटं केलं. पार्किंगमधली पितळी तोटी चोरीला गेली होती. पोत्यातून बाटल्या, दुधाच्या पिशव्या, एक तुटकं खेळणं निघालं. तोटी नव्हती. मावशींनी सगळं एकटीनं परत भरलं. मी गॅलरीत उभी होते आणि खाली गेले नाही. ते मनातून जात नाही.

पैसे द्यावेत का? नातीच्या शाळेसाठी काही होतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

मिरजवाला:

ताई, तुमची भावना कळते. पण आमच्या चाळीतून बोअरच्या मोटारीची केबल दोनदा कापून नेली. आतलं तांबं कुठं विकलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या मावशी चांगल्या असतील, मी नाही म्हणत नाही. तरी आवारात कुणालाही सरसकट घेऊ नका. द्यायचं ते गेटवर द्या.

कृष्णाकाठची लेक:

मी लिहिते, कारण माझ्या आईनं सव्वीस वर्षं हेच केलं आणि आठवीपर्यंत मीही तिच्याबरोबर फिरले. आता सांगलीतच एका लॅबमध्ये कामाला आहे.

मावशी पुठ्ठ्याचं बोलल्या ते खरं. ओला पुठ्ठा जड भरतो म्हणून दुकानदार वजनात घट धरतो, आणि किती धरायची ते तो नजरेनं ठरवतो. पोतं काट्यावर टांगलं की आई आकड्याकडं बघायचीच नाही, त्याच्या तोंडाकडं बघायची. पावसाळ्यात ऊन नसायचं तेव्हा ती पुठ्ठे उलगडून चुलीमागच्या भिंतीला उभे करायची. आम्ही त्याच खोलीत झोपायचो. ओल्या खळीचा तो वास मला आजही कुठं आला तर पोटात कालवतं.

दुधाची पिशवी धुवून ठेवा. कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नका, तो तसाच लटकू द्या, नाहीतर तेवढा तुकडा गटारातच जातो. अर्ध्या लिटरच्या तीनशेच्या वर पिशव्या जमल्या तर किलो होतो. पाण्याच्या लिटरवाल्या बाटल्या चाळीस-पन्नास लागतात. आई पिशव्या धुऊन दोरीवर घालायची आणि नासक्या दुधाचा वास माझ्या हातांना राहायचा. वर्गात मी हात बाकाखाली ठेवून बसायचे. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र मुद्दाम साठवू नका, ती कुणी विकत घेत नाही.

आणि काच. फुटका कप, बल्ब, दाढीचं ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर लाल पेननं फुली मारा. पॅड आणि डायपरही तसेच गुंडाळा. घरात इन्शुलिन घेत असाल तर सुया झाकणाच्या घट्ट डब्यात टाका. आईच्या उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत व्रण आहे, ट्यूबलाइटच्या काचेचा. ती काच साध्या काळ्या पिशवीत होती, वर भाताचं खरकटं.

अजून एक, जे कुणी विचारत नाही. पहाटे पाचला निघालेली बाई अकरापर्यंत लघवीला कुठं जाणार? कुणी दारात उभं करत नाही. म्हणून आई पाणीच प्यायची नाही. पुढं मुतखडा झाला. विश्रामबागकर ताई, साडीपेक्षा तुमचं बाहेरचं बाथरूम वापरू द्या. एवढं केलंत तर त्या तुम्हाला जन्मभर विसरणार नाहीत.

मिरजवाला दादा, चोर असतात, मी नाकारत नाही. पण कुठं काही गेलं की आधी वेचणाऱ्या बाईचं पोतं उलटं होतं. आईचं वर्षातून तीन-चार वेळा व्हायचं. एकदाही त्यात काही सापडलं नाही आणि एकदाही कुणी परत भरू लागलं नाही.

2019 च्या ऑगस्टमधलं सांगते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे, तेव्हा पाणी साडेसत्तावन फुटांवर गेलं. आमची खोली पत्र्यासकट बुडाली. आई लोखंड आणि प्लास्टिक दर चढेपर्यंत साठवायची, तो दोन महिन्यांचा माल होता. लोखंड चिखलात रुतलं, प्लास्टिकची पोती वाहून गेली. पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली गाद्या, वह्या, फ्रिज यांचे ढीग लागले. लोक म्हणाले, भंगारवाल्यांची चांदी झाली. पण चिखलानं माखलेला कागद घेणार कोण? पंचनाम्याला आलेल्या माणसानं भांडी लिहिली, धान्य लिहिलं. आईनं पोत्यांचं सांगितलं तर म्हणाला, "तो कचराच होता की." तिची सगळी शिल्लक त्यातच होती.

कुपवाडचा काटा:

माझं भंगाराचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. घट आम्ही धरतो, कारण आमच्याकडून नेणारा मोठा व्यापारीही धरतो. ओला पुठ्ठा गाडीत भरला की वर पोचेपर्यंत वाळतो आणि वजन तुटतं. दरही आमच्या हातात नसतो. कारखान्यानं उतरवला की त्याच दिवशी खाली उतरतो.

मात्र उचलीचं लेकीनं लिहिलं नाही, ते मी लिहितो. दवाखाना, लग्न, पाऊस, असं काही आलं की या बायका आमच्याकडून उचल घेतात. ती फिटेपर्यंत माल त्याच दुकानात घालायचा, त्याच्याच दरानं. बाहेर किलोला दोन रुपये जास्त मिळत असले तरी बोलता येत नाही. माझ्या वडिलांच्या वहीत अशी वर्षानुवर्षं न फिटलेली नावं होती. मी उचल बंद केली नाही, कारण मी नाही दिली तर ती सावकाराकडं जाईल. पण दर मी पाटीवर लिहून लावतो आणि काटा तिच्या बाजूला तोंड करून ठेवला आहे.

तुमच्या मावशींना एकच सांगा, माल वेगवेगळा करून आणायचा. मिसळलेल्या पोत्याला सगळ्यात हलक्या मालाचा दर लागतो. पांढरी बाटली वेगळी, रंगीत वेगळी, कडक प्लास्टिक वेगळं, पत्रा आणि ॲल्युमिनियम वेगळं.

मूळ तासगावचा, आता हडपसर:

पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणातल्या कार्यकर्त्या आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव त्यामागे होते. पहिली मोठी मागणी ओळखपत्राची होती आणि पुणे महापालिकेनं ते मान्य केलं. पोतं उलटं करणाऱ्यासमोर खिशातून ओळखपत्र काढता येणं म्हणजे काय, ते लेकीला सांगायला नको. 2008 पासून त्यातल्या बायका 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत घरोघरी कचरा घेतात. घरामागे महिन्याला शुल्क मिळतं आणि सुक्या मालाचे पैसे त्यांचेच.

2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना कामात सामावून घ्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या 'नमस्ते' योजनेतही 2024 पासून कचरावेचक धरले आहेत. त्यात नोंद झाली की सुरक्षा साधनं आणि आयुष्मान कार्डाचा मार्ग मोकळा होतो. तेव्हा महापालिकेत जाऊन मावशींची नोंद आहे का ते आधी विचारा.

नातीसाठी: अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांना पहिली ते दहावी शिष्यवृत्ती आहे. जातीची अट नाही. आईवडिलांपैकी कुणी हे काम करत असेल तर कामाचा दाखला लागतो आणि अर्ज शाळेतून भरला जातो. मुख्याध्यापकांना स्वतः भेटा. पोरीच्या हाती चिठ्ठी देऊन पाठवू नका, चारचौघांत वाचली गेली तर तिला लागेल.

विश्रामबागकर:

सगळ्यांचे आभार. लेकीचं उत्तर मी तीनदा वाचलं.

मावशी आज आल्या. पुठ्ठा जिन्याखाली कोरडा बांधून ठेवला होता, तो हातात दिला. बाथरूमचं सांगितल्यावर त्या आधी नको-नकोच म्हणाल्या, मग पोतं पायरीशी ठेवून गेल्या. येऊन दोन तांबे पाणी प्याल्या. तोपर्यंत नात पोत्याजवळ उभी राहिली, हात लावून.

वॉचमनशी मी बोलले. तो म्हणाला, सेक्रेटरींनीच झडती घ्यायला सांगितलं होतं. रविवारी सेक्रेटरींना भेटणार आहे.

नातीची आई, म्हणजे मावशींची सूनही, मार्केट यार्डाकडं वेचायला जाते असं कळलं. तेव्हा दाखला तिच्या नावानं निघेल. सोमवारी आम्ही तिघी महापालिकेत जातोय. मी नऊला निघू म्हटलं. मावशी म्हणाल्या, साडेअकरानंतर जाऊ, नाहीतर दोघींची पहिली फेरी बुडते.